पलीकडचा तक्ता

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आलो एकदाचे! मिरजेहून निघालेला टेम्पो वाटेत दोनदा बंद पडला, लोणच्याची बरणी पनवेलच्या अलीकडेच फुटली आणि आता आमच्या सगळ्या गाद्यांना मोहरीचा वास येतोय. तरी मी खूश आहे. कपाट जिन्यात अडकलं तेव्हा टेम्पोवाल्यावर ओरडायच्या ऐवजी मला हसूच आलं.

घर सानपाडा गावात, दुसऱ्या मजल्यावर. खाली घरमालकीण शेवंताबाई राहतात. मूळच्या इथल्याच, सत्तरी ओलांडलेल्या. आवाज असा की गच्चीवरून हाक मारली तर स्टेशनवरचा माणूस मागे वळून बघेल. सामान चढवून होतंय तोच त्या तळलेल्या बोंबलांची ताटली घेऊन वर आल्या. क्षिप्राने तिच्या आठ वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच बोंबील पाहिला. याला डोळे होते का, असं तिने विचारलं. शेवंताबाई म्हणाल्या, "व्हते ना बाय. पन आता त्याला काय बगाचं हाय?" त्यावर दोघी इतक्या हसल्या की क्षिप्राला उचकी लागली.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी ही मुलगी. वैशालीला, माझ्या बायकोला, जाऊन दोन वर्षं होत आली. तिला उपचारांसाठी इथेच नवी मुंबईत आणलं होतं. त्यामुळे या शहरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. पण माझी बहीण प्राची कोपरखैरण्याला राहते आणि तिच्यापुढे माझं कधी काही चाललेलं नाही. पोरीला मायेचा हात हवा, तुला नोकरी हवी, मिरजेत भिंतींशी काय बोलत बसतोस, हे तिने वर्षभर ऐकवलं. ही वहीसुद्धा तिनेच दिली. बोलत नाहीस तर निदान लिही, म्हणाली. घ्या, लिहितोय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नोकरीचा पहिला दिवस पार पडला. ऑफिस महापेला. लोक बरे आहेत, चहा वाईट आहे.

आमची कंपनी निरनिराळ्या हॉस्पिटलांचे रेकॉर्ड एका जागी आणते. प्रत्येकाचा डेटाबेस निराळा, कोणाचा नवा, कोणाचा पुरातन. आमच्या डेटाबेसमधून त्या प्रत्येकाकडे एक खिडकी पाडायची हे माझं काम. आमच्या धंद्यात त्याला फॉरेन टेबल म्हणतात. क्षिप्राला समजावताना मी पलीकडचा तक्ता म्हणतो. तक्ता आपल्या पडद्यावर दिसतो, पण त्यातलं काहीच आपल्याकडे नसतं. शेजारणीच्या मांडणीवरची भांडी आपल्या खिडकीतून दिसावीत तसं. आणि बघायचं म्हटलं की दर वेळी नव्याने विचारावं लागतं. आपण विचारलं की तिकडे कोणीतरी उठतं, शोधतं आणि सांगतं. क्षिप्राने नव्या वर्गात सांगितलं म्हणे की माझे बाबा तक्ते जोडतात. बाईंना वाटलं, मी सुतार आहे.

साहेबांचं नाव धर्मराज. लातूरकडचे, बोलणं रोखठोक. त्यांचा एकच नियम आहे. जोडणी केली की आधी सगळं कॉपी करून आपल्याकडे आणायचं आणि लगेच जोडणी तोडायची. आणायचं अन् दार लावायचं, असं त्यांनी मला दिवसभरात इतक्या वेळा ऐकवलं की मी मनात त्याला चाल लावली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज कामं वाटली. माझ्या वाट्याला आलेल्या हॉस्पिटलांत ते एक निघालं. नाव लिहीत नाही. वैशालीला शेवटी जिथे ठेवलं होतं तेच.

ते हॉस्पिटल मागेच बंद पडलं. त्याचं जुनं मशीन तुर्भ्याच्या एका गोदामात ठेवलंय आणि तिथूनच आम्हाला जोडून दिलंय, असं धर्मराज म्हणाले. त्यांना माझं काही माहीत नाही आणि मीही सांगितलं नाही. हे दुसऱ्या कोणाला द्या, असं म्हणता आलं असतं. तोंड उघडलं आणि चहा प्यायलो.

जोडणी दुपारी झाली. अतिदक्षता विभागाचा तक्ता आला. नाव, खाट, नाडी, वेळ आणि नर्सचा शेरा. कोणाचंही नाव मुद्दाम शोधू नये असा नियम आहे. मी शोधलं. वैशाली आशुतोष देशिंगकर. एकच ओळ आली. नाडी चौसष्ट. वेळेच्या रकान्यात आजची तारीख होती, आजचीच दुपार.

यात घाबरण्यासारखं काही नाही. जुन्या मशीनची घड्याळं बहकतात, काही प्रोग्राम बंद करायचे राहून जातात. मी हे सगळं स्वतःला नीट समजावलं आणि पुन्हा एकदा बघितलं. नाडी एकाहत्तर. शेरे इंग्रजीत असतात, मी इथे मराठीत लिहितो. शेरा होता, रुग्ण जागी झाली.

घरी आलो तर क्षिप्रा शेवंताबाईंकडे भाकरी थापायला शिकत होती. पिठाने माखलेले हात घेऊन माझ्या अंगावर धावली. मी तिला इतका वेळ धरून ठेवलं की ती म्हणाली, बाबा, सोडा आता, गुदमरतंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाकीच्या हॉस्पिटलांचं कॉपी करून झालं, जोडण्या तोडल्या. त्या एकाचंही कॉपी केलं. कॉपीमध्ये वैशालीची नाडी नुसती एक संख्या आहे. कितीदा बघा, तीच राहते. पलीकडच्या तक्त्यात बघितलं की ती हलते. अडुसष्ट, सत्तर, सहासष्ट. माणूस कुशीवर वळतं, श्वास घेतं, तशी.

धर्मराजांनी विचारलं, दार लावलं का? मी म्हटलं, एकाचं थोडं राहिलंय, दोन दिवस द्या. नोकरी लागून जेमतेम आठवडा झाला आणि खोटं बोललो.

नंतर एक केलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट करून त्यात तिची ओळ लावली आणि ती मिनिटामिनिटाला आपोआप ताजी होईल असं करून ठेवलं. आमच्यात ही सवयच असते, ज्यावर लक्ष ठेवायचं ते कोपऱ्यात लावून द्यायचं. मग दिवसभर काम करता करता नुसती नजर टाकायची. तिकडे चौसष्ट, इकडे मी चहा पितोय. दोन वर्षांत एवढं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. हे काय आहे ते मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. वैशाली कुठेतरी आहे आणि तिचं काळीज चालतंय, एवढं मला पुरे आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रविवारी प्राची आली होती. मला बघून म्हणाली, दादा, रंग आलाय तोंडावर, नवी मुंबई मानवली. मी शेव आणायला म्हणून खाली सटकलो.

शेरे वाढलेत. रुग्ण पाणी मागते. रुग्ण खिडकी उघडायला सांगते. वैशालीच ती. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांतसुद्धा बंद खिडकीवरून ती वॉर्डबॉयशी भांडायची. मी कोपऱ्यातल्या चौकटीकडे बघून चक्क हसलो आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीने हेडफोन काढून विचारलं, काय झालं सर?

संध्याकाळी शेवंताबाईंच्या ओट्यावर बसलो होतो. त्या मासळी साफ करत होत्या, क्षिप्रा मांजराला लाडावत होती. बोलता बोलता त्यांनी आपल्या नवऱ्याचं सांगितलं. नामा त्यांचं नाव, इथल्या मिठागरात कामाला होते, तरुणपणीच गेले. शेवंताबाई रोज त्यांना हाका मारायच्या, रडून नाही, सवयीनेच, चहा ठेवला की, जाळं वाळत घातलं की. मग एके दिवशी सासूने जवळ बसवून घेतलं. "सासू बोलली, गप ऱ्हा आता. तू हाक मारतंस, त्याला उठून येवाला लागतं. येवदी लांबची वाट, त्याचं पाय दुकत नसतील?" तेव्हापासून हाक मारली नाही, असं सांगून त्या पुन्हा कोलंबी सोलायला लागल्या.

मला बसवेना. क्षिप्राचा अभ्यास राहिलाय असं सांगून वर आलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तुर्भ्याला जाऊन आलो. सकाळी ऑफिसला जायच्या ऐवजी रिक्षा त्या गोदामाकडे वळवली. पोपट नावाचा माणूस तिथली व्यवस्था बघतो. आधी आत सोडायला तयार नव्हता, मग मी कंपनीचं ओळखपत्र दाखवलं. त्याने मशीन दाखवलं. पत्र्याचं झाकण उघडं, आतल्या डिस्क काढलेल्या, वायरी लोंबतायत, एका कोपऱ्यात पाल. डिस्क दिवाळीआधीच चुरा करायला गेल्या, पावती आहे, असं तो म्हणाला. मग जोडणी कुठून दिली, असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि पाणी विचारलं. कुठूनच नाय साहेब, प्लगपण नाय लावला.

तसाच ऑफिसला आलो. खुर्चीत बसलो. कोपऱ्यात चौकट होती. नाडी एकशेचार. शेरा असा: रुग्ण थकलेली आहे. विचारते, सारखं कोण उठवतंय मला?

मिनिटामिनिटाला. गुरुवारपासून, दिवसरात्र, मी घरी असताना, मी जेवत असताना, मी झोपलेलो असताना ती चौकट विचारत होती. आणि दर वेळी तिकडे तिला उठावं लागत होतं. त्याच खाटेवर, नळ्या लावलेल्या त्याच हातांनी, त्याच दुखण्यात. मी चहा पीत होतो.

चौकट बंद केली. शौचालयात जाऊन रडलो. तोंड धुऊन बाहेर आलो तर धर्मराज दारातच उभे. बरं नाही का, असं विचारून त्यांनी मला घरी पाठवलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल दिवसभर बघितलं नाही. आज सकाळीही नाही. दुपारी एकदाच बघितलं. तिला त्रास द्यायला नाही, तिला शांत झोप लागली का एवढंच बघायला. मलाच माझं हसू येतं. झोपलेल्या माणसाला हलवून विचारायचं, झोप लागली का?

शेरा होता, रुग्ण मुलीची चौकशी करते. मुलगी केवढी झाली, वेणी कोण घालतं.

वेणी मी घालतो, वैशाली. वाकडी घालतो. शाळेतल्या बाई नीट करून देतात.

हे तिला कसं सांगायचं? माझ्या जोडणीतून नुसतं बघता येतं, तिकडे लिहिता येत नाही. मग एक सुचलं. ऑफिसच्या आरोग्य विम्यासाठी आमच्याकडे घरच्यांचा तक्ता आहे, त्यात मी क्षिप्राचं नाव, वय, उंची सगळं भरलंय. तो तक्ता मी पलीकडच्या तक्त्याशी जोडला. नाव देशिंगकर ते देशिंगकर. आई आणि मुलगी एका ओळीत आल्या. वैशाली, क्षिप्रा. शेजारी शेजारी. दोन वर्षांनी त्यांची नावं मी एकत्र बघितली. पडद्यावर हात ठेवून बसलो.

अशी जोडणी केली की मशीन आपलं आपण ठरवतं, कोणाच्या ओळी कोणाकडे न्यायच्या. मोठा तक्ता हलवणं परवडत नाही. म्हणून लहान बाजू मोठ्या बाजूकडे पाठवतात. हे मला कॉलेजपासून पाठ आहे. आज त्याचा विचारही मनात आला नाही, आत्ता लिहिताना येतोय. इकडे माझी एक ओळ. तिकडे किती असतील?

२४ नोव्हेंबर, सोमवार

शाळेतून फोन. क्षिप्रा वर्गात झोपली, उठवली तरी उठेना. मी पोचलो तोवर उठून बसली होती. हात गार. वाशीच्या डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. अशक्तपणा असेल, पालेभाज्या द्या.

रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली की स्वप्नात एक लांबच लांब खोली होती, खाटाच खाटा, आणि सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. घाबरलीस का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. एक बाई तिच्यावर खूप रागावली. जा इथून, जा, असं ओरडत होती आणि रडतही होती.

शेवटच्या दिवसांतला आईचा चेहरा तिने पाहिलेला नाही. मी कोण बाई ते विचारलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ती जोडणी मी शुक्रवारीच बंद केली होती. नक्की केली होती. आज बघितलं तर चालू आहे. मी चालू केलेली नाही. विचारणा आता तिकडून येतेय, आमच्या तक्त्याकडे. दर मिनिटाला. मीच लावून दिलेली सवय.

क्षिप्राने सकाळी दूध ओकून टाकलं. शेवंताबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मी आडकाठी केली नाही. एरवी केली असती.

प्राची रजा टाकून राहायला आली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

वैशालीच्या खाली नवी ओळ. शेजारची खाट. नाव क्षिप्रा. नाडी अठ्ठावन्न.

शेरा — खाट तयार ठेवा.

तोडायचं. आत्ताच्या आत्ता. हुकूम टाइप केला. एक कळ दाबायची बाकी होती. आणि मनात आलं, हे तुटलं की वैशाली संपली. या वेळी माझ्या हाताने. पुन्हा कधी सहासष्ट नाही, सत्तर नाही. शेवटचं एकदा बघू दे. एकदाच. नीट निरोप तरी —

बघितलं.

उत्तर आलं नाही. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. तोडायचा हुकूम दिला, घेईना. तिकडचं उत्तर बाकी असताना जोडणी सुटत नाही. मला हे माहीत होतं. हेसुद्धा मला माहीत होतं!

तेवढ्यात प्राचीचा फोन. नुसती रडत होती. क्षिप्रा ओट्यावर मांजराला खायला घालत होती, तिथेच आडवी झाली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

हॉस्पिटलात. क्षिप्रा उठत नाही. डॉक्टर म्हणतात, सगळे रिपोर्ट चांगले आहेत. ती झोपलीय, बस. नाडी उतरते आहे. माझ्याकडे बघायचं टाळतात.

तिचा हात हातात घेऊन बसलो. गार. नखांना अजून कालचं पीठ आहे. प्राची सारखी विचारते, दादा, हिला काय झालं? मी काय सांगू? मी बघत राहिलो म्हणून. मला राहवलं नाही म्हणून.

ऑफिसला गेलो. धर्मराजांना सगळं सांगितलं. हसले नाहीत. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि पडदा बघितला. कालचं उत्तर आलं होतं.

वैशाली — नाडी एकशेबावीस. शेरा: रुग्ण स्वतःच्या खाटेवर नाही. शेजारच्या खाटेपाशी बसून आहे. मुलीला छातीशी धरलं आहे. म्हणते, हिला परत न्या. हिला इथे कोणी आणलं?

मी आणलं गं.

धर्मराज म्हणाले, खेचा वायर, तोडा. आता तुटली असती. पण मी त्यांचा हात धरला. आमचा तक्ता उघडून दाखवला. क्षिप्राची ओळ आमच्याकडे नाही. माझ्या नावाखाली रिकामी जागा आहे. आत्ता तोडलं तर ती तिकडेच राहील.

त्यांनी वायरीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, मग काय करायचं, देशिंगकर?

मला सुचलंय. त्यांना एवढंच सांगितलं की क्षिप्रा उठल्याचा प्राचीचा फोन आला, तर उद्या दुपारी जोडणी तोडा. मी असो नसो. पुन्हा कोणी बघायचं नाही. एकदाही नाही. त्यांनी शब्द दिला.

२७, संध्याकाळी

केलं. रिकाम्या जागेत माझं नाव घातलं. वय, उंची. आणि विचारलं.

त्यांना लहान बाजूची एक ओळ हवी. कोणाची ते मशीन बघत नाही.

हॉस्पिटलात पोचायच्या आतच प्राचीचा फोन. क्षिप्राने डोळे उघडले. म्हणाली, भूक लागली, बोंबील हवेत. शेवंताबाई डबा घेऊन निघाल्यासुद्धा.

वॉर्डात तिने माझ्या गळ्यात हात टाकले. गरम हात. म्हणाली, बाबा, तुम्ही किती गार लागता. मी म्हटलं, एसी आहे ना.

तिचे केस विंचरले. वेणी घातली. या वेळी जरा सरळ आली. ती बडबडत होती, मांजराचं, शाळेचं. मी नुसता ऐकत होतो. रडलो नाही. प्राची होती समोर.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी आहे. प्राची क्षिप्राला कोपरखैरण्याला घेऊन गेली. मीच सांगितलं, दोन दिवस ने. जाताना क्षिप्रा जिन्यातून परत आली, मोजे विसरले म्हणून. पापा घेऊन गेली.

बोटं वळत नाहीत. अक्षर वाईट येतंय. प्राची, पासबुकं कपाटात, वरच्या खणात. शेवंताबाईंना विचारून तिला अधूनमधून इकडे आणत जा, तिला इथलं मांजर हवं असतं.

आणि माझ्यासाठी — हाका मारू नका. ऐकशील ना? कितीही वाटलं तरी. तिलाही सांग. मोठी झाली की नीट सांग.

ऊन आहे बाहेर. मला लागत नाही.

आता बघायला पडदा लागत नाही. खोली दिसते. लांब आहे. खाटा — खूप. सगळे जागे. सगळ्यांना कोणी ना कोणी उठवतंय.

शेजारची खाट माझी.

वैशाली आली. बारीक झालीय. रागावली आहे. तुम्ही का आलात, म्हणते. खिडकी उघडी आहे, मी बघितलं, तिने उघडून घेतलीच.

हात धरला तिने. तिचाही गार नाही वाटत आता. धर्मराज दुपारी तोडतील. मग झोप. दोघांनाही. कोणी उठवणार नाही —

ती विचारते आहे. पुन्हा पुन्हा तेच. क्षिप्राजवळ कोण आहे? मी सांगतोय, प्राची आहे, वेणी ती चांगली घालते, आणि खाली शेवंताबाई आहेत, आणि क्षिप्रा आता भाकरी थापायला शि